बहात्तर पत्रं

रोख गिऱ्हाईक आलं की आमच्या शोरूममध्ये
कुणी खुर्ची पुढे सरकवत नाही.
दुकानांत पाटी असते, आज रोख उद्या उधार;
आमची, लावली असती तर, उलटी असती.
गाडीवर सुटतं ते चहापाण्यापुरतं.
खरं सुटतं ते माझ्या खोलीत,
टायरांच्या रॅकमागे, खिडकी नसलेल्या,
जिथे व्याजाचा दर मी हळू आवाजात सांगतो,
डॉक्टर सांगतात तसा.

आयली कोस्केला आली नोव्हेंबरात.
थंडर बेचा पहिला बर्फ तोवर शिळा होऊन
रस्त्याकडेला काळा पडला होता.
वय एकोणऐंशी. करडी हॅचबॅक आधीच पसंत केलेली,
रात्री इंजिनाला लावायची वायर सोबत मिळते ना,
एवढंच विचारून.
करासकट बावीस हजार.
पिशवीतून तिने कॉफीचे तीन डबे काढले
आणि टेबलावर ठेवले, झाकणं न उघडता.

मग म्हणाली, कर्जाचं सांगा.

मी सांगितलं. सहा वर्षं, पाच पूर्णांक नऊ टक्के,
महिना तीनशे चौसष्ट.
यंत्रात तिचं नाव घातलं तर पान कोरंच आलं:
आयुष्यात कुणाचं देणं नाही,
म्हणून बँकेच्या लेखी ती जन्मलेलीच नव्हती.
तरी वर फोन केला असता तर जमलं असतं.
जमवणं हेच माझं काम.

शेवटचा हप्ता कुठल्या महिन्यात?
नोव्हेंबरातच, सहा वर्षांनी.
तेव्हा मी पंच्याऐंशीची, ती म्हणाली,
आणि मला डॉक्टरचा कागद नाही मागितलात.
नाही मागत आम्ही.
हे तिला फार आवडलेलं दिसलं.

पत्र येतं का दर महिन्याला?
आता सगळं फोनवरच येतं, मी म्हटलं,
पण कागदी हवं असेल तर फॉर्मवर एक चौकोन असतो.

ती डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.
रेइनोने सगळं रोख घेतलं, म्हणाली.
बोट, बर्फावर मासे धरायची खोपटी,
टेकडीवरची आमची दोघांची जागासुद्धा.
वसंतात तो गेला तेव्हा
कुणाचं काही यायचं नव्हतं, कुणाला काही द्यायचं नव्हतं.
मग कशाला कोण येतंय दारापर्यंत.

खोलीत हीटर घरघरत होता.
माझ्या स्वतःच्या ट्रकचे एकोणपन्नास हप्ते अजून बाकी,
आणि तिच्या एका सहीवर
माझा डिसेंबर सुखाचा गेला असता.
तरी का कोण जाणे, मी पडदा तिच्याकडे वळवला
आणि तळाचा आकडा दाखवला, जो आम्ही दाखवतो
पण त्यावर बोट ठेवत नाही.
व्याज, चार हजार एकशे सत्त्याहत्तर.

तिने माझं पेन घेतलं.
पावतीच्या मागे भागाकार मांडला,
शाळेत शिकवतात तसा, हातचा वर लिहून.
एका पत्रामागे अठ्ठावन्न डॉलर, मिस्टर डेलव्हेकियो.
महाग आहे.

आणि पहिला डबा उघडला.

आमचं नोटा मोजायचं यंत्र उन्हाळ्यापासून बंद.
गरजच पडली नव्हती.
तेव्हा हातानेच, ती अर्ध्या, मी अर्ध्या,
विसाच्या, पन्नासच्या, क्वचित पाचाच्या,
प्लास्टिकच्या नोटा एकमेकींना धरून बसलेल्या,
अंगठा ओला करूनही सुटत नाहीत,
सगळ्यांना कॉफीचा वास.
बाहेर कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली, मी गेलो नाही.
तिने मला विचारलं, तुझी आई कुठे असते.
मी सांगितलं. फोन कधी केलास, तेही विचारलं.
ते मी सांगितलं नाही.

अकरा हजार तीनशेवर ती थांबली.
चुकलं वाटतं, म्हणाली,
आणि सगळा गठ्ठा पुन्हा पुढ्यात ओढून
पहिल्या नोटेपासून सुरू केलं.

मला नाही वाटत ती चुकली होती.