नाकीडोळी

बेत साहूरच्या उतरणीवर आमचं दुकान.
दुकान म्हणजे एक करवत, चार पटाशा, एक पंखा
आणि भुसा: चहात, भुवयांत, हिशेबाच्या वहीत.
वही माझ्याकडे असते.
बाबा कोरतात, मी पॉलिश पेपर मारते
आणि मागण्या लिहून घेते.

मागण्या वाचल्या की वाटतं
कुणी मुलीसाठी स्थळ बघतंय.
पोलंडच्या एका चर्चला हवा
उंच, गोरा, नाक सरळ, केस खांद्यावर रुळणारे.
लागोसच्या बाई म्हणतात, ओठ भरीव करा,
केस दाट, कुरळे, आणि लाकूड गाभ्यातलं घ्या.
सोलहून फोटो आलाय: पापण्या अशा हव्यात.
टेक्सासच्या गृहस्थांना डोळे निळे हवेत.
लाकडात निळं कुठून आणायचं, नखले?
बाबा स्वतःलाच विचारतात, नावानिशी,
आणि शिंकतात.

फांदी एकच असते ऑलिव्हची,
ऑक्टोबरात फळं उतरवली की छाटलेली,
दोन वर्षं सावलीत वाळलेली.
सालीखाली पिवळट, आत तपकिरी,
मधोमध जवळजवळ काळी रेघ.
पोलंडचा बाहेरून निघतो, लागोसचा आतून.
सख्खे भाऊ,
वेगवेगळ्या खोक्यांत निघून जातात
एकमेकांचं तोंड न बघता.

तो दिसायचा कसा, मी लहानपणी विचारलं होतं
आमच्या पाद्रीबाबांना, अबूना सलामेंना.
म्हणाले, चौघांनी लिहिलं आणि चौघेही विसरले.
जाळ्यात मासे किती होते ते आहे, एकशे त्रेपन्न.
नाक नाही, रंग नाही, उंची नाही.
एवढंच, की रात्री पकडायला आले तेव्हा
बागेतल्या माणसांत तो कोणता
हे मुका घेऊन दाखवावं लागलं.

एक गोष्ट मात्र कुणीच मागत नाही.
नाकीडोळी नीटस हवा, हे सगळे सांगतात;
कानांबद्दल एक ओळ नाही.
तिथे बाबांना मोकळीक.
तिथे ते बिशारामामाला बसवतात.

मामाचे कान बाहेर आलेले, दारं उघडी राहिल्यासारखे,
डाव्या पाळीला फांदी लागून पडलेली खाच.
जेरुसलेमला फरशा बसवायला जायचा.
परवान्याच्या फोटोत दोन्ही कान दिसायला हवेत
असा नियम; मामाला त्याचा केवढा अभिमान.
पहाटे तीनला रांगेत.
काचेमागचा पोरगा फोटो बघायचा, मग तोंड, मग फोटो.
हा तूच?
कान बघ की, म्हणायचा मामा.
एका फेब्रुवारीत रांगेतच छातीत कळ आली.
परवाना बाबांच्या हत्यारांच्या खणात आहे,
कानशीखाली.

मागच्या महिन्यात पोलंडहून एक खोकं परत आलं.
पत्र सभ्य होतं. मूर्ती सुरेख. नाक उत्तम.
फक्त कान जरा
(इथे एक शब्द खोडलेला)
गावठी वाटतात. तासून मिळतील का?

बाबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं.
पटाशी उचलली, धार नखावर पाहिली.
मग अंगठ्यानं ती खाच चाचपली, बराच वेळ,
आणि म्हणाले,
लिही, पैसे परत पाठवतोय.

आता तो खिडकीत उभा असतो.
रविवारी मी त्याला तेल लावते, घरचंच.
हे लाकूड उजेडात सावळं होत जातं, सावकाश;
नाक अजून पोलंडचं आहे,
रंग बाबांच्या मनगटापर्यंत आलाय.
आईला त्याचं काही नाही.
येता-जाता ती त्याच्या डाव्या कानाशी वाकते
आणि यंदा घाण्यावर
किती डबे निघाले, ते सांगते.