तासाची पावती

रापलाच्या अलीकडे रस्ता सरळ होतो
आणि लोकांना वाटतं, कायदाही इथे जरा सैल असेल.
तिथेच मी हात वर करते.
नव्वदचा रस्ता. यंत्रावर एकशे चौदा.
जुनी निळी व्हॅन, काचेवर मेलेले किडे,
आत हेल्दुर पाल्गी, वय एकसष्ट,
परवाना नुकताच परत मिळालेला.
गेल्या वर्षी तीन महिने तो आमच्याच कपाटात होता.
पुन्हा सापडला तर न्यायालय, हे त्यालाही ठाऊक.

दोन वाटा आहेत, मी सांगते. पाठ झालंय.
एक तर दंड भरा आणि जा, नोंद राहील.
नाहीतर इथे, या कडेला, एक तास थांबा.
पैसे नाहीत, नोंद नाही. नुसता तास.

सकाळी काळ्या गाडीतल्या माणसाला हेच सांगितलं होतं.
तो हसला. कार्ड पुढे केलं, आकडा न वाचता.
पावती गार व्हायच्या आत
वळणापलीकडे गेला, आल्या वेगाने.
त्याने काय विकत घेतलं ते मला नीट सांगता येत नाही.
कलमात त्याला दंड म्हणतात.

हेल्दुरने बोटांवर हिशेब केला,
मग आभाळाकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे.
"थांबतो," म्हणाला, "पण सावली द्या.
माझ्यासाठी नको."

मागे लाकडी खोकी. त्यांत काड्यापेटीएवढे पिंजरे,
प्रत्येकात एक राणीमाशी आणि तिच्या पाच-सहा दासी.
चाळीस राण्या. आणि बिनराणीची चाळीस मोहोळं
त्युरीपासून विल्यांदीपर्यंत वाट बघत.
"राणी गेली की मोहोळ गप्प होत नाही," तो म्हणाला,
"उलट ओरडायला लागतं."

व्हॅन भूर्जांखाली घ्यायला लावली.
नियमात बसतं की नाही, बघितलं नाही.

दहा मिनिटं तो माझ्यावर चिडलेला होता.
पंधराव्या मिनिटाला रस्त्यावर.
मग बोट ओलं करून त्याने एका जाळीवर थेंब सोडला,
मग दुसरीवर.
बाटली धरायला कुणीतरी हवं होतं. मी धरली.

गाड्या जात होत्या. आम्हाला बघून
एकेक आधी वाकायची, देवळासमोरून गेल्यासारखी,
नाक खाली घालून नव्वदवर यायची
आणि भूर्ज संपले की पुन्हा ताठ.
"तुम्ही नसता तेव्हा हे कुणाला घाबरतात?"
मी विचारलं, तुम्ही कुणाला घाबरत होतात?
"उन्हाला."

मधमाशी किती वेगाने उडते?
"रिकामी असली तर तीस. भरून आली की बावीस."
गवतावरून जाणाऱ्या एकीवर मी यंत्र रोखलं.
आकडा उठला नाही.
"सुटली," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

एकोणसाठाव्या मिनिटाला माझ्या ध्यानात आलं,
शिक्षा त्याची, पण तास माझाही गेला.
पैसा वसूल करायला सरकारला यंत्र पुरतं;
वेळ वसूल करायचा तर
शेजारी बसून कुणीतरी तेवढाच भरावा लागतो.

तो पावती मागू लागला.
"दंडाची देता, तासाची का नाही?"
वहीचं पान फाडून लिहिलं:
हेल्दुर पाल्गी यांच्याकडून एक तास, पूर्ण, मिळाला.
सही केली, तारीख घातली.
त्याने चार घड्या घालून टोपीत ठेवली.

व्हॅन निघाली ती पन्नासने.
मागे लगेच चार गाड्या, हॉर्न, दिवे.
इतक्या हळू जाणाऱ्यांसाठीही एक कलम आहे खरं तर.
मी वही उघडली नाही.

राण्या किती पोचल्या, कळलं नाही.
रात्री दहाला, अजून उजेड होता,
माझ्या गाडीत काचेला चिकटलेली एक दासी दिसली.
काच खाली केली. ती जाईना.
मग गाडी सुरू केली,
त्युरीच्या दिशेने,
बावीस.