विमान लागतं तिला

पुढं ये ऑलिंका, माझ्या शेजारी बस.
मागं शेपटीला हेलकावे फार,
शिवाय तिथं इव्हॉनच्या पिशवीत
धुरी दिलेला सामन.
चांगला असतो तो, जमिनीवर.

काही खाल्लंस? उपाशी पोट जास्त कुरकुरतं.
हे घे, पायलट ब्रेड. लोणी नको, कोरडाच कुरतड,
सावकाश, उंदरासारखा.
फोन खिशात. गळ्याशी चेन उघड थोडी,
गार हवेचं भोक तुझ्या तोंडाकडं वळवते.
कागदी पिशवी मांडीवर असू दे, लाज कसली?
छत्री घेतली की पाऊस येत नाही, तसलं आहे ते.

डोळा म्हणतो, आपण बसलोय.
कान म्हणतो, छे, आपण पडतोय.
दोघांचं भांडण, तिसऱ्याची उलटी.
पोट बिचारं,
त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मलाही लागतं, सांगू?
हसू नकोस. अकरा वर्षं टपाल, डायपर, कुत्री, एकदा शवपेटी
या नदीवरून नेते-आणते, साधी मळमळ नाही.
पण अँकरेजहून परतताना, मोठं जेट, मधली जागा,
कुणाच्या तरी कॉफीचा वास,
आणि मी पिशवी भरली काठोकाठ.
शेजारच्या बाईनं पाठ चोळली.
पहिल्यांदाच बसताय विमानात?
म्हटलं, हो.

दांडा दुसऱ्याच्या हातात असला की लागतं, एवढंच.
वळण आधी कळलेलं नसतं.

क्षितिजाकडं बघावं, असं पुस्तकात लिहितात.
लिहिणाऱ्यानं मार्चमधला टंड्रा पाहिला नसावा.
वर पांढरं, खाली पांढरं,
शिवण कुठं घातलीय ते दिसत नाही.
मग असं करू, मी आधी सांगत जाईन.
आता डावीकडं. आता थोडं खाली.
आता एक खड्डा येईल, वाराच तो,
नेल्सन बेटाच्या डोंगरावरून घसरत येतो रोज.
दोन बोटं टेकव तुझ्या बाजूच्या दांड्यावर.
दाबायचं नाही. नुसतं ऐकायचं बोटांनी.

मी बोलत गेले पन्नास मिनिटं,
वर्षभर रेडिओवर बोलत नाही इतकं.
मध्ये एकदा तिचा चेहरा बाहेरच्यासारखाच पांढरा झाला.
ब्रेड चावायची थांबली. मग पुन्हा कुरकुर ऐकू आली.

पांढऱ्यात एक तांबडा ठिपका: तेलाची टाकी.
मग शाळेचं छप्पर. मग धावपट्टीच्या कडेला
स्नोमशीनवर बसलेली तिची आई,
हात न हलवता.
टोकसुक लागलं, मी म्हटलं.
उजवीकडं, ती म्हणाली, माझ्या आधी.

चाकं थांबली, दार उघडलं,
आणि ती बर्फात वाकली. एकदाच, थोडंसं.
तेवढं चालतं. मी इंजिनकडं बघत राहिले, उगाच.
बुटानं बर्फ ओढून तिनं ते झाकलं,
बास्केटबॉलची पिशवी खांद्यावर टाकली,
आणि आईला स्कोअर सांगत गेली,
चौदा गुणांनी हरलो, पण शेवटची बास्केट माझी.