सात नंबरचा ट्रे

उम्म अल क्वैनच्या खाडीवर याला गुर्म म्हणतात.
आमच्या आचऱ्याला, तिवर.
पानाच्या पाठीवर तेच मीठ, जिभेला तीच चव,
फक्त इथली खाडी जास्त खारट
आणि आंघोळीचं पाणी नळातूनच तापून येतं.

रोपवाटिकेत माझं काम खारेपण वाढवायचं.
पहिल्या आठवड्यात गोडं पाणी, मग चिमूट, मग मूठ,
अंगी लागेल तसं.
डॉक्टर हनान म्हणते, सवय हा शब्द नको.
झाडाला मेंदू नाही. क्षार आहेत, दारं आहेत,
काही आत घेणारी, काही बाहेर काढणारी.
मी मान डोलावतो.
नोंदवहीत सवयीचा एक रकाना आहे,
तो मीच आखलाय.

जूनमध्ये एका संध्याकाळी मला ताप होता.
(ताप नव्हता. घरून फोन आला होता.)
सात नंबरच्या ट्रेत मीठ दोनदा पडलं.
सकाळी साठच्या साठ रोपं माना टाकून.
मग खालची पानं पिवळी करून गाळली त्यांनी,
होडी कलंडायच्या आधी सामान फेकावं तशी.
वरची दोन तेवढी धरून ठेवली.
मी वहीत लिहिलं : सर्व ठीक.

साडेबाराला शिट्टी होते, उन्हातलं काम बंद.
मोफिज पत्र्याखाली आडवा, तोंडावर गमछा.
पानंही त्याच सुमाराला आपली बारीक तोंडं मिटतात.
त्यांना शिट्टी लागत नाही.

दोन वर्षांनी, ओहोटीला, चिखलात उतरून मोजणी.
नमुन्यापुरती गोड्या पाण्यावर लाडात वाढवलेली रांग
गेल्या ऑगस्टातच संपली.
चार नंबरातले अठरा.
सात नंबरातले एक्केचाळीस उभे,
भोवती श्वासमुळं, चिखलात पेन्सिली खोचल्यासारखी.
हनान विचारते, यांना वेगळं काय दिलंस?
वही उघडते. वहीत सर्व ठीक.

मला माहीत आहे. त्यांनाही.
माहीत हा शब्द नको असेल तर दुसरा द्या,
पण मुळाशी कुठेतरी ती रात्र आहे,
आणि ती पुन्हा आली तर काय टाकायचं,
काय धरायचं, याचा हिशेब.
गुर्म म्हणा खुशाल, गुर्मी नाही त्यात कणभर.

घरून फोन आला की हल्ली मी
आधी बादली खाली ठेवतो.