गावाचं नाव हल

गावाचं नाव हल.
मराठीत म्हणून पाहा, आज्ञाच आहे ती:
ऊठ, सरक जागची.
सव्वीस वर्षं मी काही हलले नाही.
हेसल रोडवरच्या औषधांच्या दुकानात
काचेमागे उभी,
चपट्या सुरीने गोळ्या सरकवत
पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस.
अठ्ठावीस पाचात बसत नाहीत,
शेवटी तीन उरतातच.

आता त्रेपन्नाव्या वर्षी
पाठीवर सॅक, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र,
आणि शिकतेय काय, तर न हलणं.
श्वास सोड, म्हणतो कॅलम, आमचा मास्तर,
माझ्या थोरल्याहून दोन वर्षांनी लहान,
कोपर बरगडीला टेकव, मग दाब.
पहिल्या दिवशी जेडला वाटलं,
मी कुणालातरी सोडायला आलेय.
तिने माझ्यासाठी दारही धरून ठेवलं होतं,
बाहेर जायचं.

घरी कुणी भांडलं नाही.
अरविंद फक्त गृहकर्जाचा कागद
फ्रिजवर लावून गेला,
चुंबकाखाली, किंचित तिरका.
सकाळचं ऊन त्यावर बरं पडतं.
मी त्याचा फोटो काढला.

डार्करूममध्ये मात्र मी सगळ्यांच्या पुढे.
एकास नऊ, वीस अंश,
हे मला कोण शिकवणार?
तांबड्या उजेडात ट्रे हलवायचा,
हळू, झोपलेल्या मुलाखालची चादर ओढावी तसा.
स्टॉप बाथचा वास
कोपऱ्यावरच्या फिश अँड चिप्सवाल्यासारखा,
दुपारी चारला भूक लागते त्याने.

मग आली असाइनमेंट:
ओळखीतल्या अनोळखी माणसाचं पोर्ट्रेट.
मला वॉल्टर ब्लेंकिन आठवला.
अकरा वर्षं त्याच्या आठवड्याचे डबे मी भरले,
सोमवार सकाळ, सोमवार दुपार.
त्याच्या मूत्रपिंडाचे आकडे मला पाठ होते
आणि उंची ठाऊक नव्हती,
काउंटरशी तो वाकलेलाच असायचा.
दार उघडलं तर चौकटीला डोकं टेकणारा माणूस.

"अकराला ये," म्हणाला होता फोनवर,
"गोळीनंतर तासभर मी बरा असतो."
मला सांगत होता. मला!
पण बस उशिरा, मग ट्रायपॉडचा एक पाय अडला,
मग त्याने आइसलँडकडची थंडी काढली:
बोटीवर बर्फ इतका चढायचा
की कुऱ्हाडीने तोडायचा रात्रभर,
नाहीतर बोट उलटायची.
तोडताना हात कसा धरायचा ते दाखवू लागला,
आणि हात तिथून खाली येईना नीट.
सव्वाबारा.

"दुसऱ्या गोळीपर्यंत थांबू या का?"
मी विचारलं, काचेमागच्या आवाजात.
"का? तुझा रोल संपतोय?"

खिडकीतून हंबरचा राखी उजेड.
एक अष्टमांश सेकंद.
श्वास सोडला. कोपर बरगडीला.

मंगळवारी ट्रेमध्ये
आधी खुर्चीची पाठ वर आली,
मग कानामागची सावली, मग डोळे,
सुई टोचावी इतके स्पष्ट.
हात काही आले नाहीत.
मांडीवर नुसतं धुकं, पांढुरकं,
कडा नसलेलं.

कॅलमने भिंग लावलं.
"कॅमेरा हलला?"
"नाही. मी हलले नाही."
तो बराच वेळ पाहत राहिला.
जेड त्याच्या खांद्यावरून डोकावली:
"मांडीवर मांजर आहे का त्याच्या?"

मी काही बोलले नाही.
चिमट्याने कागद उचलला,
निथळू दिला, दोरीला लावला.
एक प्रत वॉल्टरला द्यायची आहे.
शुक्रवारी जाईन,
बारा वाजून गेल्यावर.