अकरा मतं

एंटविसल बाई बर्नलीच्या शाळेत इतिहास शिकवायच्या.
मैदानावरची शिट्टी गळ्यात तशीच राहिलेली;
वर्ग फार गलका करू लागला की फुंकायच्या.

त्या वर्षी कौन्सिलला उभ्या राहिल्या.
चिखलाच्या बुटांनीच दारोदार.
एक म्हातारा म्हणाला, मत देणार नाही.
त्याच्याशी तासभर पुस्तकांवर बोलत बसल्या,
पुढची गल्ली राहूनच गेली.

अकरा मतांनी पडल्या.
"म्हणजे अख्खी एक टीम," म्हणाल्या,
आणि शुक्रवारी पहिल्या तासाला
रात्रीच्या मोजणीने लाल झालेल्या डोळ्यांनी
फळ्यावर सनावळी.

त्यांचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलंय.
खूण म्हणून त्यांचंच पत्रक,
फोटोतही शिट्टी.
पान एकशे चाळीस.
मी ते हलवत नाही.
तिथे अजून प्रचार चालू आहे.