डावीकडचा समास

तीस क्रेडिट, मी सांगते, त्यातली सहा प्रबंधाची.
ही सहा मोजून मिळत नाहीत, झिजून मिळतात,
पण नियमपुस्तकात तसं लिहिलेलं नाही,
म्हणून मी नुसतं 'सहा' म्हणते
आणि फॉर्म पुढे सरकवते.

समितीत तिघे. तोंडी परीक्षेची तारीख दोन आठवडे आधी.
डावीकडे दीड इंच समास, बांधणीसाठी.
अल्बुकर्कीतल्या या खिडकीशी बावीस वर्षं
हेच म्हणत आले मी.
समोरच्या दालनांत खडक, उल्का, मंगळाचे फोटो;
माझ्या वाट्याला वाक्यांचे थर.

लिओकाडिया ताफोया तिसऱ्यांदा आली तेव्हा
बुटांना अजून ग्रँट्सकडची माती होती.
पान एक्केचाळीस. नकाशा समासात घुसलेला,
नखाएवढाच.
"कापता येणार नाही," ती म्हणाली,
"त्या कोपऱ्यात खाणीचं तोंड आहे."
मी पट्टी लावली.
घुसलेला होता.

परिशिष्टात नमुन्यांच्या चिठ्ठ्या, दोन हातांच्या.
एक अक्षर तिचं, उभं, घाईचं.
दुसरं थरथरतं,
प्रत्येक साताच्या पोटात आडवी रेघ देणारं.
"सहायकाचा रकाना मोकळा ठेवता येत नाही."
एल्युतेरिओ ताफोया, तिने लिहिलं.
पात्रता?
पेन जरा वेळ हवेतच राहिलं.
एकोणीस वर्षं, जमिनीखाली.

मग न विचारताच बोलली.
पिकअपचं दार उघडं टाकून बाबा बसायचे,
शेजारच्या सीटवर ऑक्सिजनचं नळकांडं, बेल्ट लावलेलं.
ती दगड आणून द्यायची;
ते थुंकी लावून ओला करायचे, उन्हात धरायचे,
आणि थर सांगायचे.
प्रयोगशाळेचं उत्तर चार महिन्यांनी यायचं.
तेच यायचं. एकदाच चुकले,
त्यावर अख्खं तिसरं प्रकरण आहे.

झिरकॉनचा कण, कणीहून बारीक,
त्यात कोंडलेलं युरेनियम.
निम्मं सरायला साडेचार अब्ज वर्षं लागतात, म्हणे.
याला ते अर्धायुष्य म्हणतात.
हा शब्द मी शेकडो प्रबंधांत तपासलाय,
ऱ्हस्व-दीर्घापुरता.

"पान आडवं करा," मी म्हटलं.
"आडव्या पानाचा समास वर जातो.
नियम सात, पोटनियम ग."
कुणी विचारल्याशिवाय तो मी सांगत नाही.
तिने विचारलं नव्हतं.

तीन प्रती लागतात:
ग्रंथालय, विभाग, मार्गदर्शक.
तिने चौथीचेही पैसे भरले.
चौथीला नियम नाही.
"हिला समास नको," ती म्हणाली, "नकाशा कडेपर्यंत जाऊ दे.
बांधूही नका.
ते एकेक पान उचलून
डोळ्यांपाशी नेतात."

पावतीवर कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं, इतर.